वाटेची इर्जिक

एका सोमवारी अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीला सांगितले, की तिचे डोळे जातील. तिने विचारले, किती दिवसांनी. ते म्हणाले, तीन वर्षे, कदाचित चार. आम्ही दुपारच्या गाडीत बसलो, बडनेऱ्याला उतरलो आणि टांग्याने अमरावतीला घरी आलो.

गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. पलीकडे यवतमाळकडे जाणारी छोटी गाडी उभी होती आणि पत्नी तिच्याकडे एकटक पाहत होती. मला वाटले, ती रडत असेल. मी काहीतरी बोलायचे म्हणून चहा हवा का असे विचारले.

"थांबा ना जरा," ती म्हणाली. "इतक्या डाव पाह्यली ही गाडी, पन हिले चाकं किती हायेत ते कधी मोजलं नोतं. मोजून राहिली. मधात बोलू नका."

मी मधात बोललो नाही. पुढच्या साऱ्या वर्षांत मला तिच्याबाबतीत जे थोडेफार बरे करता आले, ते एवढेच असावे.

मी तेव्हा मिडल स्कूलमध्ये शिक्षक होतो आणि संध्याकाळी दोन तास एका वाचनालयाचे काम पाहत असे. ती नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची, मराठी चौथी झालेली. आम्हाला मूल नव्हते. घरात बोलणे बहुतेक तिचेच असे, आणि ते तिच्या माहेरच्या बोलीत असे. मी पुस्तकी बोलतो म्हणून ती माझी थट्टा करी. "तुमी बोलता ना, तं वाटते कोनी आतून वाचून राहिलं," असे ती म्हणे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिने मला उठवले. "चाला," म्हणाली. कुठे ते सांगितले नाही.

आमचे घर गावाच्या कडेला, शेवटच्या ओळीत होते. मागच्या दारापासून एक पांदण सुरू होई. दोन शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची जुनी वाट. ती पुढे एका नाल्यात उतरे, नाल्यात पाय ठेवायला सहा-सात धोंडे होते, आणि पलीकडे चढून ती तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागे. पाळीवरून तलावाच्या कडेने जात ती एका टेकडीच्या पायथ्याशी संपे. तिथे कुणीतरी कधीकाळी बांधलेला दगडी ओटा होता. सगळी मिळून मैलभर वाट. सकाळी पेन्शनर मंडळी तिथे फिरायला येत, परीक्षेच्या दिवसांत कॉलेजची मुले पुस्तक घेऊन पाळीवर बसत, रविवारी बायका-पोरे डबा घेऊन जात. वाट सगळ्यांची होती, त्यामुळे ती कुणाची आहे हे कुणी कधी विचारले नव्हते.

ती त्या वाटेने पुढे झाली आणि मी मागून. मध्येच ती थांबे, डोळे मिटी, दहा-बारा पावले चाले आणि डोळे उघडून पाही.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"पाठ करून राहिली," ती म्हणाली. "तुमी नाही का पोरायकडून पाढे पाठ करून घेत. तीन वर्षं हायेत. घरात तं मी चाचपडत करीन सारं. पन घराभाईर एक तरी जागा पाह्यजे का नाही, जिथं मले कोनी हात धरून नेनार नाही?"

तिला काय हवे होते ते एवढेच होते. एक मैल वाट, आणि तिच्यावरून एकटीने जाता येणे.

त्या हिवाळ्यात ती रोज गेली. पहिले काही दिवस मी बरोबर होतो, मग तिने मला परत पाठवायला सुरुवात केली. एकटी बाई सकाळी काही काम नसताना फिरायला जाते, हे आमच्या गल्लीला नवे होते. शेजारच्या काकू एकदा तिला माझ्यासमोरच म्हणाल्या, "काहो मास्तरीनबाई, तिकडं काय ठेवलं हाय?"

"पाय ठेवले हायेत," ती म्हणाली. "ते आनाले जातो."

वऱ्हाडातली काळी जमीन ज्यांनी चालून पाहिली आहे, त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात ती चिकट होते, चपलेला धरते, दर पावलाला पाय जड होत जातो आणि शेवटी माणूस चपला हातात घेऊन चालतो. उन्हाळ्यात तीच जमीन फाटते. हात जाईल अशा भेगा पडतात, काही ठिकाणी पाय जाईल अशाही. त्यात आमच्या पांदणीच्या दोन्ही बाजूंना शेते. शेताच्या कडेला जो न नांगरलेला पट्टा राखतात त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. दरवर्षी नांगर फिरताना धुऱ्यातून हातभर जमीन शेतात जाई. पूर्वी दोन गाड्या शेजारून जात असे म्हणत. मी पाहिली तेव्हा एक गाडी जेमतेम जाई.

पुढच्या चैत्रात नाल्याच्या अलीकडे तिचा पाय भेगेत गेला. घोटा मुरगळला. एका पेन्शनर गृहस्थांनी तिला खांदा देऊन घरी आणले. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि मी हळद-मीठ गरम करत होतो. ती म्हणाली, "भेग काल तिथं नोती."

मी म्हणालो, "ऊन फार आहे."

"मी पाठ करीन अन् वाट बदलत राहील, तं पाठ करून काय उपेग? अजून मले थोडं दिसते. पुढच्या उन्हाळ्यात?"

मी दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. अर्ज चांगला होता. सार्वजनिक आरोग्य, विद्यार्थी, निसर्ग, सगळे त्यात होते, आणि पत्नीचे नाव नव्हते. तो घेऊन मी ज्या कचेरीत गेलो तिथले हेडक्लार्क माझ्या वाचनालयाचे सभासद होते. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मास्तर, झकास लिहिलं," ते म्हणाले. "पन दुरुस्तीले पैसा नाही. नव्या कामाले हाय. लोकायनं निम्मं द्यावं, सरकार निम्मं देते."

"पण वाट आहेच की."

"तेच तं वांधं हाय. नसती तं दिली असती." मग ते खुर्चीत मागे रेलले. "मोडून टाका ना. मंग नवी मागा."

ते हसले, मीही हसलो. पण घरी येताना मला त्यात हसण्यासारखे काही दिसेना. नवे बांधायला माणसे पुढे येत, त्याचे उद्घाटन होई. बांधलेले टिकवायला काय लागते, ते कुठल्या रकान्यात घालावे हे कुणालाच माहीत नव्हते. अर्थात त्या गृहस्थांचा दोष नव्हता. त्यांनी आपल्या अखत्यारीत होते ते केले. टिकाव, फावडी आणि घमेली मला सहीवर पंधरा दिवसांसाठी दिली.

मग मी माणसे गोळा करायला लागलो. ते श्रमदानाचे दिवस होते. सकाळी फिरणाऱ्या पेन्शनर मंडळींना मी विचारले. ते म्हणाले, आमच्याने दगड उचलणे होणार नाही, पण धान्य-भाजी काय लागेल ते आम्ही देऊ. जिनिंगचा कारखाना असलेले एक शेठ तलावावर रविवारी मोटारीने येत. त्यांच्या आवारात जुन्या भिंतीचा दगड पडून होता. उन्हाळ्यात जिन बंद असे, गाड्या रिकाम्या असत. ते म्हणाले, "दगड न्या, गाड्या न्या. फक्त वाटेच्या तोंडाशी एक पाटी लावा. वडिलांच्या नावानं."

मला ते बरे वाटले नाही. मी घरी येऊन कुरकुरलो.

"लावा म्हना," ती म्हणाली. "दोन लावा. मले कुठं वाचाची हाय?"

मी सुंदर अक्षरात श्रमदानाची पत्रके लिहिली. शाळेत, वाचनालयात, चौकातल्या वडाला आणि दोन्ही शेतांच्या फाटकाला लावली. रविवारी सकाळी सहाला पांदणीच्या तोंडाशी हजर राहिलो. शेठजींच्या चार गाड्या दगड टाकून गेल्या होत्या. नवाला मी मोजले, तेव्हा आम्ही पाच होतो: मी, आमचे हेडमास्तर, दोन पेन्शनर गृहस्थ, आणि डोक्याला पदर घेऊन एका दगडावर बसलेली माझी पत्नी. आम्ही उन्हे चढेपर्यंत पंधरा-वीस हात लांबीत दगड पसरले. हेडमास्तरांच्या तळहाताला फोड आले.

डाव्या हाताच्या शेताचे मालक साठीच्या पुढचे होते. सगळे त्यांना काकाजी म्हणत. ते धुऱ्यावर उभे राहून आमचे काम पाहत होते. धुरा कोरणाऱ्यांत तेही होते, आणि ते त्यांनाही ठाऊक होते, मलाही.

"काकाजी, तुम्ही पत्रक वाचले नाही का?" मी विचारले.

"वाचलं ना. पोरानं वाचून दाखोलं."

"मग?"

"मंग काय? श्रमदान मंजे सरकारचं काम. सरकारचं काम फुकटात कोन करते, मास्तर? अन् कागद झाडाले लावला तुमी. मले कोन बोलावलं? झाडाले बोलावलं." मग ते जरा मऊ झाले. "इर्जिक म्हना, येतो ना. सारे येतील."

इर्जिक मला पुस्तकातून ठाऊक होती, तिला माहेराहून. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले, बैल मेला, घरात आजारपण आले, तर तो शेजाऱ्यांना घरोघरी जाऊन बोलावतो. सगळे आपापली अवजारे घेऊन येतात, दिवसभर राबतात, आणि ज्याचे काम आहे तो संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी नाही. त्या जेवणाने ते फिटते.

"चांगले आहे," मी म्हणालो. "मग इर्जिक म्हणू."

"पन इर्जिक कोनाची?" काकाजींनी विचारले. "वाट तं कोनाचीच नाही. बोलवन कोन? जेवाले घालन कोन?"

पत्नी दगडावरून उठली.

"माही म्हना," ती म्हणाली.

"बाई, तुमची? तुमचं वावर कुठं हाय?"

"हे काय. मैलभर लांब, दोन हात रुंद." तिने पायाखाली बोट दाखवले. "पिकत काही नाही, पन हाय माहं."

पुढचे आठ दिवस ती दारोदार गेली. तेव्हा तिला उन्हात कडेकडेचे दिसेनासे झाले होते. माणूस समोर आला तर दिसे, बाजूने आला तर दचके. मी बरोबर जातो म्हटले तर म्हणाली, "तुमी नका येऊ. तुमी बोलाल अन् लोकं घाबरतील."

तलावाच्या पलीकडच्या काठाला बौद्ध वस्ती होती. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोनेक वर्षे झाली होती. वस्तीतले कितीतरी लोक पाळीवरून आणि पांदणीतूनच गावात कामाला येत, म्हणजे त्या वाटेवर सगळ्यांत जास्त पावले त्यांचीच पडत. तिथे बडनेऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये मुकादम असलेले एक गृहस्थ राहत. चाळिशीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांच्याकडे ती गेली तेव्हा मात्र मी बरोबर होतो, कारण पाळीवरून उतरायची ती पायवाट तिला नवी होती.

त्यांनी आम्हाला बाजेवर बसवले, पाणी दिले. ती पाणी प्यायली आणि तिने इर्जिकीचे सांगितले.

"मास्तर, तुमी नुसते दगड टाकून राहिले," ते मला म्हणाले. "म्या पाह्यलं येता-येता. काळ्या मातीत दगड जाते पोटात. पह्यले दोन्हीकडून नाली काढा. पानी गेलं पाह्यजे. मंग मोठा दगड, मंग बारीक, वरून मुरूम. रुळाखाली आमी तेच करतो."

"मग तुम्ही याच," मी म्हणालो.

"येतो. आठ गडी आनतो." ते तिच्याकडे वळले. "पन बाई, एक इचारतो. जेवन कसं?"

"कसं मंजे? रोडगे, वांग्याची भाजी, वरन."

"ते नाही. बसाचं कसं?"

"बसून," ती म्हणाली.

ते हसले नाहीत. तिला उशिरा कळले. मी पाहत होतो, तिच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली.

"एका पंगतीत," ती म्हणाली. "इर्जिक माही हाय. पंगत बी माहीच."

परत येताना मी तिला म्हणालो, की काकाजी आणि त्यांच्या बाजूची माणसे यावर काय म्हणतील याचा विचार करायला हवा होता. नाला ओलांडल्यावर ती म्हणाली, "तुमी वाचनालयात कोनती पुस्तकं आनता मंग?"

वैशाखात एका रविवारी इर्जिक झाली. तीसेक माणसे आली. मुकादमांनी कुणाला काही हुकूम केला नाही. ते फक्त दोरी धरून पुढे चालत आणि जिथे खणायचे तिथे खुंटी ठोकत. काकाजींनी दोन बैलजोड्या आणल्या. टेकडीच्या पायथ्याचा मुरूम त्यांच्याच गाड्यांतून आला. नाल्यातले धोंडे काढून रुंद चपटे दगड बसवले. ती प्रत्येक दगडावर पाय ठेवून पाही आणि सांगे, "हा हलते. हा ठीक. हा जरा इकडं घ्या, माहं पाऊल लहान हाय." माणसे हसत, पण तसे करत. एकाने म्हटले, "बाई, चप्पल शिवून राहिलो का वाट बनवून राहिलो?"

पेन्शनर मंडळींनी गव्हाचे पीठ, डाळ आणि वांगी आणून दिली होती. तलावाकाठी गोवऱ्या पेटवून हार लावला आणि त्या निखाऱ्यांत कणकेचे गोल रोडगे भाजले. भाजणारे गावातले आणि वस्तीतले, दोन्हीकडचे होते. पाळीखालच्या सावलीत एक लांब पंगत बसली. मुकादम आणि त्यांचे गडी आले, हात धुऊन मध्येच जागा धरून बसले. उजव्या हाताच्या शेताचे मालक थोडे घुटमळले आणि बसले. काकाजी बसले नाहीत. त्यांच्याबरोबरचे दोघेही बसले नाहीत. त्यांनी बैल सोडले, पाणी दाखवले आणि काकाजी मला येऊन म्हणाले, "येतो मास्तर. पोटात ठीक नाही."

दिवसभर उन्हात राबलेले साठीचे गृहस्थ, चेहऱ्यावर धूळ, आणि नजर दुसरीकडे. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. माझ्या तोंडून निघाले, "काही हरकत नाही काकाजी. जेवणाचे काय एवढे. काम झाले ना."

रात्री हे मी तिला सांगितले. ती चटकन उठून बसली.

"तुमी असं म्हनले? हरकत नाही?"

"मग काय म्हणणार?"

"अहो, इर्जिकीत आलेला मानूस जेवून गेला का फिटलं. न जेवता गेला तं त्याचा दिवस आपल्या अंगावर राह्यते. तुमी हरकत नाही म्हनून तो घेऊन टाकला अंगावर!" ती कपाळाला हात लावून बसली. "तीन मानसायचा दिवस. दोन बैलजोड्यायचा."

मला वाटले, बोलून विसरेल. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कडेच्या नाल्यांतून पाणी वाहून गेले आणि वाट टिकली. ती रोज जात होती, आता बहुतेक डोळे मिटूनच, कारण उघड्या डोळ्यांनाही उजेडाशिवाय फारसे काही दिसत नव्हते. दिवाळी झाली, कापूस फुटला. एका सकाळी ती नऊवारी खोचून, कमरेला ओटी बांधून मागच्या दारात उभी होती.

"कुठे?"

"काकाजीच्या वावरात. येचाले."

मी तिला अडवण्याचा प्रयत्न केला. शिक्षकाची बायको दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते हे कसे दिसेल, असेही बोललो. ते आठवले की मला अजून लाज वाटते. ती गेली. कापूस वेचायला डोळे कमी लागतात, बोटे जास्त. बोंड हाताला लागते आणि कापूस तीन बोटांत येतो. वेचणाऱ्या बायकांच्या ओळीत ती कडेच्या तासाला, शेवटच्या सरीला, लागली. तिथून धुरा जवळ होता.

काकाजी फाटकाशी आले आणि थबकले.

"मास्तरीनबाई, हे काय लावलं?"

"तुमचा दिवस फेडून राहिली. तीन दिवस येईन. बैलायचं काय कराचं ते तुमी सांगा."

"अहो लोकं काय म्हनतील मले!"

"मले काय माहीत? मले लोकं दिसत नाही."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकाजी तिथून निघून गेले. संध्याकाळी वजनाच्या वेळी त्यांनी तिची ओटी स्वतः उतरवून घेतली आणि बाजूला ठेवली. ती तिन्ही दिवस गेली. चौथ्या दिवशी ते आमच्या दारात आले. आत बसायला तयार नव्हते. मला एवढेच म्हणाले, "त्यायले सांगा, झालं. फिटलं. बैलायचं धरू नका, बैल कुठं जेवाले थांबतात."

कापूस निघाल्यावर नांगरणीला त्यांच्या गड्याने नांगर धुऱ्यापासून हात-दीड हात आत घेतला. कुणी सांगितले नव्हते. पुढच्या वैशाखात ते पंगतीत आले. अगदी टोकाला बसले, एक रोडगा खाल्ला, वरण घेतले नाही आणि सगळ्यांच्या आधी उठले. ती म्हणाली, "बसले ना?" मी म्हणालो, "बसले." त्यापुढे ते दरवर्षी बसले, टोकालाच.

असा तो व्यवहार ठरून गेला. शेठजी दगड देत आणि पाटीला दरवर्षी रंग देऊन घेत. कचेरी हत्यारे देई, पेन्शनर धान्य देत, दोन्ही बाजूंचे गडी दिवस देत, आणि बोलावणे तिचे असे. कशाचाही करार झाला नव्हता. आज कुणी मला त्या व्यवस्थेचे नाव विचारले तर सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चौथ्या वर्षी तिचे डोळे पूर्ण गेले. त्यानंतर सहा वर्षे ती त्या वाटेने रोज सकाळी एकटी ओट्यापर्यंत गेली आणि एकटी परत आली. काठी तिने कधी घेतली नाही. पायाखाली मुरूम असेपर्यंत वाट, आणि माती लागली की वाट सुटली, हे तिला पुरे होते. परत आल्यावर ती मला तलावाच्या बातम्या सांगे. पाणी किती उतरले, कुणाची म्हैस व्याली, कोणत्या पेन्शनरचा खोकला वाढला. मी दोन वर्तमानपत्रे वाचूनही मला तेवढे कळत नसे.

त्याच वर्षांत कधीतरी तलावाकडे नवा सरळ रस्ता झाला, आमच्या वाटेपासून फर्लांगभर दूर. लोकांनी निम्मे दिले, सरकारने निम्मे. तो चांगला रस्ता होता, मी वाईट म्हणणार नाही. वस्तीतली मुले सायकलने शाळेत येऊ लागली. पेन्शनर तिकडून फिरायला लागले, शेठजींची मोटार तिकडून जाऊ लागली, पाटीचा रंग गेला. इर्जिकीला माणसे कमी होत गेली. एका वर्षी तिने रात्री विचारले, "किती होते?" मी म्हणालो, "वीसेक असतील."

"कनीक मी मळली," ती म्हणाली. "नऊ होते. तुमी धरून."

काही वेळाने ती म्हणाली, "एका आंधळ्या बाईसाठी नऊ मानसं. कमी हायेत का?"

श्रावणात तिला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. शेवटचे चार दिवस सोडले तर ती वाटेवर जात होती. काकाजी तिच्या आधी वर्षभर वारले होते. त्यांच्या मुलांत जमिनीच्या वाटण्या झाल्या.

पुढच्या वैशाखात मुकादम घरी आले. त्यांचे केस पिकले होते. "मास्तर, औंदा इर्जिक कवा?"

मी म्हणालो, ती तिची होती.

"मंग आता तुमची. बोलवा तुमी."

बोलवायचे म्हणजे दारोदार जायचे असते. मी एका संध्याकाळी निघालो. तीन दारांशी गेलो. माणसे चांगली बोलली, तिची आठवण काढली, चहा दिला. कशासाठी आलो ते मला एकाही ठिकाणी सांगता आले नाही. चौथ्या दारापासून मी परत आलो. कुणी विचारले असते, मास्तर तुमच्या पायाला काय झाले, तुम्हाला तर दिसते, तर मी काय सांगणार होतो? तिला ती वाट लागत होती. मला फक्त हवी होती, आणि तेवढ्यासाठी माणसांचा दिवस मागण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

त्या पावसाळ्यात नाल्याच्या पलीकडे वाटेच्या कडेच्या नाल्या बुजल्या आणि मुरूम मातीत गेला. पाळीला लागणारा तुकडा पुढच्या वर्षी नांगराखाली आला. मुकादम एका रविवारी आपल्या दोन मुलांना घेऊन आले आणि अलीकडचा भाग नीट करून गेले. रोडगे मला येत नाहीत. मी खिचडी केली होती. आम्ही चौघे माझ्या स्वयंपाकघरात जेवलो.

तिला जाऊन आता तीन वर्षे होतील. घरापासून नाल्यापर्यंत वाट आहे. त्यापुढे नाही.